टेबलावर 'चालेल' चालत नाही

तुम्ही जमिनीवर पाठ टेकून आडवे झाला आहात, असं समजा. खरंच आडवं व्हायची गरज नाही, नुसतं मनात. आता पाय गुडघ्यांत दुमडा, तळहात कानांशेजारी उलटे टेकवा आणि पोट वर ढकला. झाली कमान. डोकं खाली लोंबतंय, समोरचं जग उलटं दिसतंय, घाम गालावरून खाली येण्याऐवजी कपाळावरून केसांत चाललाय. इथपर्यंत पुष्कळांना जमेल. आता त्या कमानीवर, तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, सात वर्षांची एक मुलगी पाय रोवून उभी राहिली आहे. ती हात पसरून हसते आहे. तुम्हीही हसायचं आहे, उलट्या तोंडाने, कारण पुढे परीक्षक बसलेत.

आता पाठीला विचारा, कशी आहेस म्हणून.

जिची ही गोष्ट आहे, तिच्या पाठीला असं कुणी विचारलं नव्हतं. ती बारा वर्षांची होती. घरी तिला वेगळं नाव होतं, पण कसरतीच्या हॉलमध्ये सगळे तिला 'कमान' म्हणायचे. "कमान आली का?" "कमान, केस बांध." नाव असं चिकटलं की ते काढायला बसायला कुणाला वेळ नसतो.

हॉल एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. निळ्या गाद्या, भिंतीला आरसा, आणि एक खिडकी, जी उघडायला दोन माणसं लागायची. तिथे नऊ मुली मिळून एक मनोरा करायच्या. आठ जणी बाजूंनी आणि वर, मधोमध कमान. त्यांना शिकवायची ती कमानची सख्खी आत्या. आत्या प्रेमळ होती आणि भयंकर होती, दोन्ही एकाच दिवसात, कधी कधी एकाच वाक्यात. तिचा चमू तीन वर्षं ओळीने दुसरा आला होता. "दुसरं येणं म्हणजे पहिल्याच्या फोटोत कडेला उभं राहणं," असं ती म्हणायची. शनिवारी पुन्हा स्पर्धा होती.

कमानची पाठ पाच आठवडे दुखत होती. सगळी नाही. कमरेच्या जरा वर, डावीकडे, एका नाण्याएवढ्या जागेत. पुढे वाकलं तर काही नाही. मागे वाकलं की कुणी आतून टाचणी खुपसल्यासारखं व्हायचं. आत्या विचारायची, "कशी आहे गं पाठ?" आणि कमान म्हणायची, "चालेल."

हा शब्द तुम्हीही रोज वापरता, मीही वापरतो. खिडकीजवळची जागा मिळाली नाही, चालेल. शेवटची वही फाटकी आली, चालेल. फार गुणी शब्द आहे, भांडण होऊ देत नाही. पण त्यात एक खोड आहे. तो ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे, आणि बोलणाऱ्याला वाटतं, आपण सांगून टाकलं.

मंगळवारी सरावात कमानचे कोपर थरथरले आणि वरची मुलगी, जिला सगळे टिकली म्हणायचे, गादीवर धप्पकन पडली. टिकलीला काही झालं नाही. ती उठून म्हणाली, "परत." पण आत्याने शिट्टी खिशात टाकली.

"उद्या तुला त्या बाईंकडे नेते," ती म्हणाली. "ते काय म्हणतात त्याला, ऑस्टो... ऑस्टिया... जाऊ दे, अष्टपैलू बाई. गेल्या वर्षी माझी पाठ त्यांनीच सोडवली. हाडाचा एक 'कट' असा आवाज काढला की झालं. मी आत गेले वाकडी आणि बाहेर आले सरळ."

"आत्या, तू अजूनही थोडी वाकडीच आहेस," कमान म्हणाली.

"तो स्वभाव आहे. त्याला औषध नाही."

बाईंची खोली एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाला लागून होती. भिंतीपलीकडून किल्ली घासल्याचा आवाज मधूनमधून येत राहायचा. दारावर पाटी होती: 'ऑस्टिओपॅथी. पाठ, मान, सांधे. हाताने उपचार.' आत एक उंच, अरुंद टेबल, डोकं खाली घालून झोपताना नाक दबू नये म्हणून त्याला एका टोकाला भोक. कोपऱ्यात एका दांडीला लटकवलेला पाठीचा कणा, प्लास्टरचा. आणि हात धुवायचं बेसिन, ज्यापाशी बाई गरम पाण्याखाली हात धरून उभ्या होत्या. त्यांचे हात मोठे होते, बोटं चौकोनी.

"थंड हात लागला की पाठ दचकते," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मग ती खरं सांगत नाही. बस, पोरी. काय होतंय?"

"तिला कमरेत जरा..." आत्याने सुरुवात केली.

"ताई, तुमची पाठ मागच्या वर्षी ऐकली मी. आता तिची ऐकू दे."

कमानने सांगितलं. नाण्याएवढी जागा, पाच आठवडे, मागे वाकताना. बाईंनी मान हलवली. मग हात पुसत त्या म्हणाल्या, "सुरू करण्याआधी एक धडा. माझे हात तुझ्या पाठीवर असताना तुला कधीही वाटलं की नको, तर म्हणायचं 'थांबा'. आधी करून बघू."

कमान टेबलावर पालथी झोपली. बाईंनी तिच्या खांद्याजवळ अंगठा टेकवला आणि हळूहळू दाबत गेल्या. कमानने डोळे घट्ट मिटले. दुखलं. मग जास्त दुखलं.

बाईंनी हात उचलला. "दुखलं का?"

"थोडं. चालेल."

"नाही चालत. बाकी सगळीकडे चालत असेल. या टेबलावर 'चालेल' चालत नाही."

आत्या हसली. बाई हसल्या नाहीत. "परत."

दुसऱ्या वेळी कमान पुटपुटली, "थांबा."

"हे मी ऐकलं, पण माझ्या अंगठ्याला ऐकू नाही गेलं. परत."

तिसऱ्या वेळी कमान टेबलाच्या भोकातून जमिनीला उद्देशून चांगलं मोठ्यांदा म्हणाली, "थांबा." आणि बाईंचा हात नाहीसा झाला. हळूच नाही, सावकाश नाही. होता आणि नव्हता.

कमान तशीच पडून राहिली. एवढ्या मोठ्या बाईने, बारा वर्षांच्या मुलीच्या एका शब्दावर, 'कशाला' न विचारता हात काढून घेतला, हे तिच्यासोबत आजवर कधी झालं नव्हतं. तुमच्यासोबत झालंय का, आठवून बघा.

बाईंनी पुन्हा हात टेकवला. तो नुसता टेकलेला होता, दाबतही नव्हता. "थांबा," कमान म्हणाली.

हात नाहीसा.

"दुखलं नव्हतं," कमान म्हणाली. "असंच म्हटलं."

"मी कारण विचारलं का?" बाई म्हणाल्या.

मग खरी तपासणी झाली. पुढे वाक. छान. बाजूला वाक. छान. मागे वाक. कमानने ओठ चावला. मग बाई म्हणाल्या, "आता डाव्या पायावर उभी राहा, उजवा उचल, आणि जरा मागे वाक. मी धरलंय." कमान वाकली, बोटभरच, आणि टाचणी इतकी खोल गेली की शब्द शोधावा लागला नाही, तो आपला आपण बाहेर आला.

"थांबा."

बाईंनी तिला सरळ करून खुर्चीत बसवलं. कमरेवरून, त्या जागेच्या आजूबाजूला, त्यांची बोटं बराच वेळ फिरली, अंधारात कडी शोधावी तशी. मग त्या स्टुलावर बसल्या.

"झालं ना बघून?" आत्या म्हणाली. "मग द्या आता एक कट."

"कट म्हणजे काय वाटतं तुम्हाला, ताई?"

"निसटलेलं हाड जागेवर बसतं, त्याचा आवाज."

"हाडबिड काही निसटत नाही. सांध्यात थोडं पाणी असतं. सांधा पटकन ताणला की त्यात बुडबुडा होतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. त्याचा तो आवाज. आवाजाने कुणी बरं होत नाही. तसं असतं तर मी एक बाटली घेऊन बसले असते, हात कशाला दुखवले असते?"

"मला तर बरं वाटलं होतं."

"तुमचे सांधे आखडले होते. ते मोकळे झाले म्हणून बरं वाटलं. हिची गोष्ट वेगळी आहे." बाई कोपऱ्यातल्या कण्याकडे गेल्या आणि खालच्या एका मणक्याच्या मागच्या बाजूला नख ठेवून म्हणाल्या, "हा दांडा बघ, पोरी. काडीएवढा. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर काय होतं?"

"तुटते."

"आधी बारीक चीर पडते. वाढत्या वयात, रोज मागे वाकणाऱ्यांना, इथे कधी कधी अशी चीर पडते. तुला पडलीच आहे, असं मी म्हणत नाही. माझ्या बोटांना हाडाच्या आतलं दिसत नाही. पण शंका आली आहे. शंका असताना तिथे मी झटका देणार नाही. आधी हॉस्पिटलात हाडाचा फोटो काढा. तोवर कमान बंद."

"शनिवारी स्पर्धा आहे," आत्या म्हणाली.

"ऐकलं मी."

"नऊ मुली आहेत, बाई. एक नाही, नऊ."

"माझ्या टेबलावर एकच आहे."

मग अर्धा तास बाईंनी कमानच्या मांड्यांचे ताठरलेले स्नायू लांब, सावकाश ताण देऊन सैल केले, पाठीचा वरचा भाग मोकळा केला. त्या नाण्याएवढ्या जागेवर त्यांनी हातही ठेवला नाही. एकदाही कट झाला नाही. उठताना कमानला आपले पाय कुणी तेल घातलेल्या बिजागऱ्यांवर बसवल्यासारखे वाटले. ती टाचणी मात्र होती तिथेच होती. बाईंनी तेही सांगितलं, "हे बरं वाटेल म्हणून केलंय, बरं होईल म्हणून नाही. दोन्हींत गल्लत करू नकोस."

रस्त्यावर आल्यावर आत्या म्हणाली, "घाबरट आहेत. गेल्या वर्षी अशा नव्हत्या." आणि गुरुवारी ती कमानला कडाकड मामांकडे घेऊन गेली.

हे मामा केस कापायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी एक बाक ठेवला होता, आणि मान, पाठ, कंबर, जे आणाल ते मामा कडाकड मोडून द्यायचे. माणूस वाईट नव्हता, उलट फार हसरा होता. खोलीत साबणाचा वास होता आणि पुढच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन वाट बघत होतं.

"काय गं, कंबर रुसली?" मामा म्हणाले. "तिला आत्ता हसवतो. झोप कुशीवर. गुडघा वर घे. असं."

त्यांनी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, दुसरा कमरेवर. हात थंड होते. पाठ दचकली.

"थांबा," कमान म्हणाली.

"अगं, अजून सुरूच कुठे केलंय?" मामांचे हात होते तिथेच राहिले. "लांब श्वास घे. सोड."

"थांबा."

"मुलं अशीच करतात," मामा आत्याला म्हणाले. "एक कट, की नाचत जाईल. करू ना?"

आत्याने कमानकडे पाहिलं नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "करा," ती म्हणाली.

मी इथे जरा थांबतो. ज्यांच्यावर आपला जीव आहे, ती माणसं चुकत असताना आपण काय करायचं, हे फारसं कुणी शिकवत नाही. ऐकायचं, हे सगळे शिकवतात. कमान आत्याचं सगळं ऐकत आली होती. तिने आत्याच्या सांगण्यावरून पहाटे धावून पाहिलं होतं, गोड खाणं सोडलं होतं, शाळेची सहल सोडली होती. त्यातलं काही वायाही गेलं नव्हतं. पण तो खांद्यावरचा हात जड होत होता, आणि शब्द तर दोनदा म्हणून झाला होता.

तिने मामांचं मनगट धरलं, ते आपल्या खांद्यावरून उचललं, आणि बाकावरून खाली उतरली.

"पाठ माझी आहे, आत्या," ती म्हणाली.

पुढच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाळ गालाने मागे वळून बघू लागलं.

"झोप बाकावर," आत्या हळू आवाजात म्हणाली.

"नाही."

"मी तुझं वाईट करीन का?"

"मुद्दाम नाही करणार."

मामांनी दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे नका बघू, ताई. पोरगी उभी आहे. उभ्या माणसाला मी फक्त केस कापून देतो."

घरी येईपर्यंत आत्या चार पावलं पुढे चालत राहिली. घराच्या जिन्यावर वळून म्हणाली, "आणि फोटोत काही निघालं नाही तर?"

"तर काही निघालं नाही."

"मनोरा गेला असेल तोवर."

"हो," कमान म्हणाली. तिने तो शब्द मागे घेतला नाही.

रात्री जेवताना तिने सगळं बाबांना सांगितलं. बाबा आत्याचे धाकटे भाऊ होते आणि बहिणीपुढे त्यांचं कधी काही चाललं नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून ऐकलं, मग उठून हॉस्पिटलला फोन केला. सोमवारची वेळ मिळाली. शनिवारच्या नंतरची. म्हणजे शुक्रवारी हॉलमध्ये जाताना कमानकडे ना फोटो होता, ना डॉक्टरची चिठ्ठी. दाखवायला काहीही नव्हतं.

आत्याने शिट्टी वाजवून सगळ्यांना ओळीत उभं केलं. "हिला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी नाही सांगणार. हिचं हिने सांगावं."

"मी उद्या कमान करणार नाही," कमान म्हणाली. "आजही नाही."

"का?" एकीने विचारलं.

"दुखतंय."

"सगळ्यांनाच दुखतं," ओळीच्या टोकाची मोठी मुलगी म्हणाली. "तू काय काचेची आहेस?"

"भ्यायली," दुसरी म्हणाली.

"भ्यायले," कमान म्हणाली. "तरी नाही करणार."

भ्यायलेल्या माणसाने असं ताठ मानेने कबूल केलं, की चिडवायला काही उरत नाही.

आत्या ओळीवरून नजर फिरवत एका दहा वर्षांच्या, लांब हातापायांच्या मुलीपाशी थांबली. "तू कमान करतेस की घरी. टिकली हलकी आहे. करशील ना उद्या?"

त्या मुलीने आत्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या मनगटाकडे, आणि ते मनगट पाठीमागे नेलं.

"चालेल," ती म्हणाली.

कमानने तो शब्द स्वतः शेकडो वेळा म्हटला होता, पण बाहेरून ऐकला तो आज. तिने ते मागे गेलेलं मनगटही पाहिलं.

भिंतीपाशी एक लाकडी पेटी होती. हात घसरू नयेत म्हणून लावायची पांढरी पूड तिच्यात असायची. कमान पेटीकडे गेली, उजवा पंजा पुडीत बुडवला, हात मागे नेला आणि निळ्या पोशाखावर, कमरेच्या जरा वर डावीकडे, थापटला. मग ती सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. पाच बोटांचा पांढरा ठसा लख्ख दिसत होता.

"इथे," ती म्हणाली. "पाच आठवडे."

तिने पेटी उचलली आणि लांब हातापायांच्या मुलीपुढे धरली. "तुझं?"

मुलीने आधी आत्याकडे पाहिलं. मग पुडीत हात घातला आणि दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. ते पांढरं झालं. "एक महिना," ती म्हणाली.

टिकलीने न विचारताच दोन्ही हात बुडवले आणि टाचेवर चोळले. काचेची म्हणालेली मोठी मुलगी पुढे आली आणि खांद्यावर एक पंजा मारून म्हणाली, "नुसता जिना चढताना. पण हो." एक जण म्हणाली, "मला कुठेच दुखत नाही, पण मलाही ठसा हवाय."

"मग नाही मिळणार," कमान म्हणाली, आणि दोघी-तिघी फिसकन हसल्या.

आत्याच्या तोंडात शिट्टी होती. ती वाजली नाही. "ही काय नवी नाटकं?" असं ती म्हणाली खरं, पण शिट्टी तोंडात असल्याने ते नीट कुणाला कळलं नाही. तिने ती काढली. "चला, जागा घ्या. कमान कोणीतरी करायचीच आहे."

मुली हलल्या नाहीत, पण पळाल्याही नाहीत. पाच-सहा पांढरे हात त्यांच्या अंगांवर होते आणि सगळ्या कमानकडे बघत होत्या, ही आता काय करते म्हणून.

कमान पेटी घेऊन निळ्या गादीवर गेली. मधोमध, जिथे कुणीतरी उलटं वाकायचं होतं, बरोबर त्या जागेवर तिने पेटी ठेवली, आणि तिच्या शेजारी मांडी घालून, पाठ सरळ ठेवून, बसली.